आयबीएससोबत रोजचा दिवस: पुण्यातल्या नवख्यांसाठी पायरी-पायरीनं

सोनोग्राफी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि डॉक्टर म्हणतात, "आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका." आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं हळवं झाल्याचा त्रास. बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. मग घरी आल्यावर एकेक पदार्थ बंद होत जातो. आधी तिखट, मग दूध, मग पोळी, मग डाळी. सहा महिन्यांनी ताटात मऊ भात आणि ताक उरतं, वजन उतरतं, आणि पोट मात्र होतं तसंच असतं. हे टाळता येतं. आयबीएसमध्ये एखादा पदार्थ क्वचितच गुन्हेगार असतो. किती खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि कशाच्या जोडीनं खाल्लं, यावर सगळं ठरतं. आपली मर्यादा शोधून काढायची आणि तिच्या आत राहून जास्तीत जास्त गोष्टी खायच्या, हे इथलं काम आहे.

आधी निदान पक्कं करा

आयबीएस ओळखण्यासाठी डॉक्टर २०१६ सालचे रोम-४ निकष वापरतात. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोटात दुखलं पाहिजे, आणि त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची हवी. शिवाय पुढच्या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाला जाण्याची संख्या बदलणं, शौचाचं रूप बदलणं. नुसता गॅस होतो, पण दुखत कधीच नाही, तर ते या निकषांत बसत नाही.

पुढचं काहीही असेल तर "आयबीएसच असेल" असं धरून घरी बसू नका: शौचातून रक्त, प्रयत्न न करता वजन घटणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी होणं, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट नव्यानं आणि सतत फुगलेलं राहत असेल, तर अंडाशयाची तपासणी करून घ्यायलाच हवी. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही असाच, पोटदुखी आणि बदललेलं शौच घेऊन येतो. म्हणून वजन आणि ताप या दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सुरुवातीच्या तपासण्या फार नसतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉईडसाठी टीएसएच, शौचाची साधी तपासणी (जिआर्डियासारखे परजीवी त्यात दिसू शकतात), सीलिॲकसाठी टीटीजी-आयजीए, आणि जुलाब असतील तर शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन. कॅल्प्रोटेक्टिन ५०च्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फारच कमी होते. इथे एक चूक वारंवार होते: लोक गहू बंद करतात, बरं वाटतं, आणि मग सीलिॲकची तपासणी करतात. गहू बंद असताना ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य. खासगी दवाखान्यात परवडत नसेल, तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं.

आपल्याकडे दर पोटदुखीला "अमिबा झालाय" म्हणून औषधाचा कोर्स देण्याची जुनी सवय आहे. तपासणीत अमिबा दिसला नसताना वर्षातून तीन-चारदा असे कोर्स घेत असाल, तर एकदा थांबून पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.

पोटात नेमकं काय बिघडतं

आतडं दिसायला ठीक असतं, पण त्याच्या नसा आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या वायूनं तुम्हाला कळ येते. आतड्याची हालचाल कधी घाईची होते, कधी मंद. "मनाचे खेळ आहेत" हे म्हणणं चूक आहे आणि ऐकणाऱ्याला फार लागतं. दुखणं खरंच असतं. फक्त ते कुठल्या जखमेतून येत नाही, वाढलेल्या संवेदनेतून येतं.

बऱ्याच जणांचा त्रास एखाद्या जोरदार जुलाबाच्या आजारानंतर सुरू होतो. पोटाचा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण दहात एकाला पुढे आयबीएस होतो. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रोड परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. आयबीएसला सुरुवात करून देणाऱ्या जंतूंमध्येही त्याचं नाव आहे. म्हणून पावसाळ्यात टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल, तर ते खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा. आधीच हळव्या झालेल्या आतड्याला नवा संसर्ग परवडत नाही.

दोन आठवडे फक्त वही

या दोन आठवड्यांत काहीही बंद करू नका. नेहमीचं खा आणि लिहा. साधी शाळेची वही पुरते. रोज एक पान, त्यावर पाच गोष्टी: काय आणि किती खाल्लं (वाटी, पोळी, कप यांत), किती वाजता, दुखणं शून्य ते दहा यांत किती, शौचाचा प्रकार, आणि झोप, धावपळ, पाळी यांतलं त्या दिवशी जे असेल ते. पाळीच्या आधी आणि पाळीत त्रास वाढणं नेहमीचं आहे. ते लिहिलं नाही तर त्या चार दिवसांचा दोष उगाच कुठल्यातरी भाजीवर जातो.

शौचाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. १ म्हणजे लेंड्यांसारखे कडक खडे, २ गाठीगाठींचं, ३ वर भेगा असलेलं, ४ गुळगुळीत आणि मऊ, ५ मऊ सुटे तुकडे, ६ लगदा, ७ निव्वळ पाणी. एक-दोन जास्त वेळा येत असेल तर तुमचा आयबीएस बद्धकोष्ठाचा, सहा-सात जास्त येत असेल तर जुलाबाचा, दोन्ही आलटून-पालटून येत असेल तर मिश्र. औषध, इसबगोल, प्रवासाची तयारी हे पुढचं सगळं या एका नोंदीवर ठरतं. डॉक्टरांपुढे "पोट साफ होत नाही" म्हटलं की चार वेगवेगळे अर्थ निघतात. "आठवड्यात पाच वेळा प्रकार दोन" याचा एकच.

वही वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. जेवता जेवता संडासला पळावं लागलं, तर दोष त्या घासाचा नसतो. अन्न पोटात पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं. ही सगळ्यांच्या शरीरात असलेली क्रिया आयबीएसमध्ये जास्त जोरात होते, आणि मोठं, तुपकट जेवण तिला आणखी चेतवतं. उलट कांदा किंवा हरभऱ्यातली साखर मोठ्या आतड्यात पोचून तिचा वायू व्हायला कित्येक तास लागतात. संध्याकाळच्या गुबाऱ्याचं कारण दुपारच्या डब्यात, कधी आदल्या रात्रीच्या जेवणातही असतं.

सकाळ सुधारा, अर्धा दिवस सुधारतो

आहाराला हात लावण्याआधी सकाळ नीट बसवा. घरातून निघायच्या वेळेच्या दीड तास आधी उठा. कोमट पाणी, मग थोडा नाश्ता, आणि नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी संडास. आतड्याची हालचाल सकाळी आणि खाल्ल्यानंतर सगळ्यात चांगली असते, तिचा फायदा घ्या. कमोड असेल तर पायांखाली सात-आठ इंच उंचीचा स्टूल किंवा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, पुढे वाका. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाईल बाहेर. कुंथत अर्धा तास बसल्यानं मूळव्याध होते, पोट साफ होत नाही.

जुलाबाच्या प्रकारात उलटी सवय लागते: बाहेर पडण्यापूर्वी "कशाला उगाच रिस्क" म्हणून चार-चार वेळा जाणं. त्यामुळे आतडं थोड्याशा कळेलाही दाद द्यायला शिकतं. नाश्त्यानंतरची एक फेरी, आणि निघताना खरंच लागली असेल तरच दुसरी.

रिकाम्या पोटी कडक चहा हा अनेकांच्या घाईच्या सकाळीमागचा खरा हात असतो. त्यातल्या दुधाला बोल लागतो, पण अमृततुल्यच्या एका कपात दूध ५०-६० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) तीन ग्रॅमही नाही. दूध न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज चालतं. आतड्याला ढकलतात ते कॅफिन, गरम पातळ पदार्थ आणि रिकामं पोट. चहा नाश्त्यासोबत घ्या, आणि चहा-कॉफी मिळून दिवसात तीन कपांच्या वर जाऊ नका.

ताटातले साधे बदल

कडक पथ्याआधी चार आठवडे एवढंच करून बघा. निम्म्याहून जास्त वेळा आराम इथेच मिळायला लागतो, असं आमचं मत आहे.

जेवणाच्या वेळा ठरवा आणि दोन जेवणांत चार-पाच तासांपेक्षा मोठी फट पडू देऊ नका. आयटीतल्या मंडळींचं दुपारचं जेवण मीटिंगमुळे तीनवर जातं, मग भुकेपोटी दुप्पट खाल्लं जातं, आणि चारला कळ येते. अकरा वाजता एक संत्रं किंवा मूठभर शेंगदाणे खाल्ले तर हे टळतं. रात्रीचं जेवण दिवसातलं सगळ्यात हलकं ठेवा. तळलेलं एका दिवसात एकदाच, तेही थोडं. तिखटातलं कॅप्सेसिन आतड्याच्या हळव्या नसांना थेट डिवचतं, म्हणून तिखट निम्म्यावर आणा. पूर्ण बंद करायची गरज बहुतेकांना पडत नाही. दिवसभरात आठ पेले पाणी. सोडा असलेली पेयं बंद. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगगममध्ये सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल असतात, ते जुलाब करतात. फळं दिवसात तीन वेळा, एका वेळी एका छोट्या वाटीएवढीच.

फॉडमॅप, मराठी स्वयंपाकघरात

तरीही त्रास उरला तर पुढची पायरी फॉडमॅप कमी करण्याची. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत बसवली. फॉडमॅप म्हणजे छोट्या आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा. त्या पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू करतात. इतरांना त्याचं काही वाटत नाही, हळव्या आतड्याला दुखतं. या साखरा २ ते ६ आठवडे कमी करायच्या, मग एकेक परत आणायची. सहा आठवड्यांच्या पुढे हे ताणायचं नाही, कारण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्यही त्यातच असतं. वजन आधीच कमी असेल, गरोदरपण असेल किंवा खाण्याशी नातं बिघडलेलं असेल, तर आहारतज्ज्ञांशिवाय या वाटेला जाऊ नका.

परदेशी याद्या वाचून लोक घाबरतात. खरं तर मराठी स्वयंपाक या पद्धतीला सोपा जातो. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी हे सगळं चालतं. म्हणजे भाकरी आहे, भात आहे, पोहे आहेत, तांदळाची उकड आहे. कांदेपोह्यांचे बटाटेपोहे करायचे, एवढंच. भाज्यांत भेंडी, वांगं, गाजर, काकडी, पालक, मेथी, फरसबी, लाल भोपळा, बटाटा. फळांत संत्रं, पपई, अर्धंकच्चं केळं. पूर्ण पिकलेल्या केळ्यात फ्रुक्टन, म्हणजे या साखरांतलाच एक प्रकार, वाढतं.

या काळात थांबवायचं ते असं. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन असतं. तूर, हरभरा, राजमा, चवळी, छोले यांत जीओएस, हा डाळी-कडधान्यांतल्या साखरांचा प्रकार. दुधात लॅक्टोज. आंबा, मध, कलिंगड, सीताफळ आणि अंजीर यांतल्या साखराही त्रास देतात (सीताफळ-अंजिराच्या हंगामात पुरंदरकडून येणाऱ्या पाट्या समोर असताना हे जड जातं, पण सहाच आठवडे). सफरचंद, फ्लॉवर, मशरूम यांत पॉलिओल, म्हणजे वर आलेल्या सॉर्बिटॉल-मॅनिटॉलच्या जातीचे पदार्थ. काजू-पिस्तेही नकोत, शेंगदाणे आणि अक्रोड चालतात.

कांदा-लसूण हा यातला सगळ्यात अवघड भाग, म्हणून त्यावर जरा थांबू. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या पाकळ्या तेलात परतून सोनेरी झाल्या की झाऱ्यानं पूर्ण काढून टाका, आणि त्याच तेलात फोडणी करा. वास राहतो, फ्रुक्टन जातं. पण तोच लसूण आमटीत उकळला आणि वाढताना बाजूला काढला तर उपयोग शून्य, कारण ते पाण्यात उतरलेलं असतं. लसणाचं तेल करून साठवू मात्र नका, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. रोजच्या रोज करा. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घ्या, पांढरा भाग नाही. हिंग चिमूटभर चालतो. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. चिमटीभर हिंगानं आयबीएसला फरक पडत नाही, सीलिॲक असणाऱ्यांनी मात्र डबी वाचूनच घ्यावा. मसाल्यात ब्राह्मणी पद्धतीचा गोडा मसाला सोयीचा, त्यात सहसा कांदा-लसूण नसतो. कांदा-लसूण मसाला या सहा आठवड्यांसाठी कपाटात.

वरणाची काळजी करू नका. मुगाची डाळ तुरीपेक्षा सोसते. रात्रभर भिजवून पाणी फेकून, नव्या पाण्यात शिजवून, पातळ वरण अर्धी वाटी घ्या. भिजवल्यानं आणि पाणी टाकल्यानं जीओएसचा काही भाग निघून जातो. मोड आलेले मूगही थोड्या प्रमाणात चालतात.

दुधाबद्दल दोन गैरसमज. गाय, म्हैस, देशी, ए-टू: लॅक्टोज सगळ्यांत जवळपास सारखंच असतं, दूध बदलून काही होत नाही. आणि दूध चालत नाही म्हणून पनीर किंवा चक्का चालणार नाही असं नसतं. निवळीसोबत लॅक्टोज निघून गेलेलं असतं. घरचं नीट विरजलेलं दही अर्धी वाटी बहुतेकांना सोसतं.

पुण्यातल्या बाहेरच्या खाण्याचा हिशेबही आता कळेल. मिसळीत मटकी, कांदा, लसणाचा कट, शेव आणि गव्हाचा पाव एकाच ताटलीत येतात, वर तेलाची तर्री. मँगो मस्तानीत दूध, आइस्क्रीम आणि आंबा. पिठलं-भाकरीतली भाकरी ठीक असते, बेसन आणि लसूण त्रास देतात. एकेक गोष्ट थोडी थोडी चालणाऱ्या माणसालाही या सगळ्यांची बेरीज चालत नाही. "काल पाव खाल्ला तेव्हा काही झालं नाही, आज का झालं?" याचं उत्तर बहुधा या बेरजेत असतं.

परत आणणं: ही पायरी गाळू नका

बरं वाटायला लागलं की लोक इथेच थांबतात आणि जन्मभर कांद्याशिवाय जेवतात. त्याची गरज नसते. ज्यांना पथ्यानं आराम पडतो त्यांनाही साधारण एक-दोन गटच त्रास देत असतात.

बाकी आहार तसाच ठेवून एका वेळी एकच गट तपासा. तीन दिवस चढती मात्रा, मग तीन दिवस विश्रांती. लॅक्टोजसाठी दूध पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. गव्हासाठी अर्धी पोळी, एक, मग दोन. लसणासाठी पाव पाकळी, अर्धी, एक. कांद्यासाठी एक लहान चमचा शिजवलेला कांदा, मग दोन, मग चार. डाळींसाठी शिजवलेले हरभरे दोन चमचे, चार चमचे, अर्धी वाटी. फ्रुक्टोजसाठी मध अर्धा चमचा, एक, दोन. मॅनिटॉलसाठी फ्लॉवर. कांदा, लसूण, गहू तिन्हींत फ्रुक्टन असलं तरी तिन्ही वेगवेगळे तपासा. बऱ्याच जणांना गहू चालतो आणि कांदा चालत नाही.

दुसऱ्या दिवशी त्रास झाला तर तिसरी मात्रा घेऊ नका. पोट शांत होऊ द्या, तीन दिवसांनी पुढचा गट. त्रासाचा अर्थ "हे कायमचं बंद" असा नाही. अर्धी पोळी चालली आणि दोन चालल्या नाहीत, तर तुमची मर्यादा एक पोळी. तीच भाकरीसोबत खा. परीक्षेच्या आठवड्यात, पाळीत, पोट बिघडलेलं असताना तपासणी करू नका. दोन-तीन महिन्यांनी फसलेला गट पुन्हा एकदा तपासा, मर्यादा बदलते.

इसबगोल आणि औषधं

इसबगोलाचा भुसा बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्हींत उपयोगी, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि फारसा आंबत नाही. सुरुवात दिवसाला एक भरलेला लहान चमचा, साधारण ३-४ ग्रॅम, मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी थोडं पाणी. आठवड्यानं दुसरा चमचा. पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले की पोट टम्म फुगतं, आणि "इसबगोल मला सोसत नाही" असा निष्कर्ष निघतो. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. कोरडा भुसा गिळू नका, आणि घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका. गव्हाचा कोंडा मात्र टाळा, आयबीएसमध्ये तो उलट वायू वाढवतो.

पोट साफ करणाऱ्या तयार चूर्णांत बऱ्याचदा सोनामुखी असते. ती आतड्याला पिळून काम करते, म्हणून आयबीएसवाल्यांना मुरडा येतो. रोजच्या वापरासाठी पाणी ओढून मऊ करणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल बरं, पण तेही डॉक्टरांना विचारून.

मुरड्यासाठी मेबेव्हेरिनसारखी गोळी जेवणाआधी वीसेक मिनिटं घ्यायची असते. जेवणानंतर घेऊन "काही फरक नाही" म्हणू नका. पेपरमिंट तेलाची कॅप्सूल आतड्यात उघडणारी असते, ती चावली तर छातीत जळजळ होते. लोपेरामाइड जुलाब थांबवते, पोटदुखी नाही. ताप किंवा रक्त असताना ती घेऊ नये. प्रोबायोटिक घ्यायचं ठरवलं तर एकच निवडा, चार ते बारा आठवडे द्या, फरक नसेल तर बंद करा. दर महिन्याला नवीन पाकीट बदलत राहण्यात पैसे जातात आणि काय लागू पडलं ते कळत नाही.

डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलीन लिहिली तर "मला डिप्रेशनची गोळी दिली" म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १० मिलिग्रॅमपासून सुरू होणारी ही मात्रा नैराश्यासाठीच्या मात्रेपेक्षा खूप कमी असते, आतड्याच्या नसांची संवेदना उतरवण्यासाठी ती देतात. सुरुवातीला झोप येते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढू शकतं; पहिले दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो.

घराबाहेर

जुलाबाच्या प्रकारात पोटापेक्षा वाटेची भीती जास्त छळते. हिंजवडीची बस भूमकर चौकात अडकलीय आणि कळ आलीय, हा विचारच कळ आणतो. यावर तयारी हाच उपाय. रोजच्या वाटेवरच्या तीन स्वच्छतागृहांच्या जागा आधी एकदा जाऊन बघून ठेवा: ऑफिसच्या अलीकडची, मधली, घराजवळची. पेट्रोल पंप, मोठी हॉटेलं, मॉल आणि मेट्रो स्थानकं उपयोगी पडतात. वनाज ते रामवाडी किंवा पिंपरी ते स्वारगेट या मार्गांवर असाल तर मेट्रो बसपेक्षा बरी, कारण पुढच्या स्थानकावर उतरता येतं आणि वेळ ठाऊक असते. लक्ष्मी रोड, तुळशीबागेत खरेदीला जाताना सकाळी उघडल्या उघडल्या जा, गर्दी वाढायच्या आत.

मुंबईला जायचं असेल तर शक्यतो रेल्वे. डेक्कन क्वीन, इंद्रायणी, सिंहगड अशा गाड्यांच्या डब्यात स्वच्छतागृह असतं. बसमध्ये नसतं, आणि घाटात वाहतूक खोळंबली तर खालापूरच्या फूड मॉलपर्यंत उतरायला जागा नसते. प्रवासाच्या दिवशी नाश्ता निघायच्या दोन तास आधी उरका, वाटेत थोडं थोडं खा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर लोपेरामाइड २ मिलिग्रॅम निघायच्या तासभर आधी.

बॅगेत एक छोटी पिशवी कायम ठेवा: टिश्यू, पाण्याची छोटी बाटली, कागदी साबण, एक जादा अंतर्वस्त्र, प्लॅस्टिकची पिशवी, ओआरएसचं पाकीट, तुमच्या गोळ्या. बहुतेकांना ती वर्षातून एकदाही उघडावी लागत नाही. ती जवळ आहे, एवढ्यानंच घाई निम्मी होते.

कळ आली तर श्वास रोखू नका, पोट आवळू नका. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, पोट बाहेर येऊ द्या, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. कळ लाटेसारखी चढते आणि बहुधा एक-दोन मिनिटांत उतरते. हाच श्वास रोज रात्री दहा मिनिटं आडवं पडून केला, तरच ऐन वेळी जमतो. रोज अर्धा तास चालणंही औषधाइतकं महत्त्वाचं. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर जाताना आधी संडासचं वेळापत्रक बसलेलं असू द्या, म्हणजे टेकडीवर जीव घाबरत नाही.

ऑफिसात एका माणसाला, शक्यतो थेट वरिष्ठांना, सांगून ठेवा. "मला पोटाचा जुना त्रास आहे, मीटिंगमधून कधी मधेच उठावं लागतं" एवढं पुरतं.

उपास, पंगत, आग्रह

चतुर्थी-एकादशीला दिवसभर काही नाही आणि मग वाटीभर तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, वर वेफर्स: रिकामं पोट, मोठा घास आणि चरबी एकत्र. साबुदाणा स्वतः निरुपद्रवी आहे, पण त्यात चोथा जवळपास नसतो, म्हणून बद्धकोष्ठवाल्यांना दुसरा दिवस जड जातो. उपास करायचाच असेल तर दर तीन-चार तासांनी थोडं खा: अर्धी वाटी खिचडी, पपई, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ताक.

सणाच्या ताटात निवड करता येते. पुरणपोळीत हरभऱ्याची डाळ आणि गहू दोन्ही, त्यामुळे अर्धी, आणि त्या दिवशी कटाची आमटी नको. उकडीचा मोदक तांदळाचा, एक-दोन सोसतात. श्रीखंड दोन चमचे. आमरसाच्या दिवसांत पाव वाटी, आणि त्या जेवणात दुसरं काही अवघड नको.

आग्रहाला नाही म्हणताना आजाराचं नाव सांगितलं की पाच सल्ले मिळतात. त्यापेक्षा ताटात आधीच थोडं थोडं सगळं वाढून घ्या, म्हणजे पान रिकामं दिसत नाही. आणि "काकू, फार छान झालंय, अर्धीच वाढा, मी परत मागते" हे बहुतेक ठिकाणी चालतं. घरी सासूबाई किंवा आई स्वयंपाक करत असतील, तर त्यांना बंदची यादी देऊ नका, चालणाऱ्याची यादी द्या. फोडणी झाल्यावर कांदा घालण्याआधी तुमच्या वाटणीची भाजी बाजूला काढणं, हे वेगळा स्वयंपाक करण्यापेक्षा त्यांना कितीतरी सोपं पडतं.

पोट बिघडलेल्या दिवशी

त्या दिवशी नवं काही करून बघू नका. भात, मुगाचं पातळ वरण, बटाटा, गाजर, पातळ ताक, थोडं थोडं पाच वेळा. पोटावर गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं, टॉवेल मधे ठेवून. जुलाब असतील तर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच विरघळवा, अंदाजानं नको. दोन दिवसांत नेहमीच्या जेवणावर परत या. "अजून एक आठवडा हलकंच खाऊ" इथूनच ताट आक्रसायला लागतं. वहीत त्या दिवसाच्या आधीचे छत्तीस तास पुन्हा वाचा, त्यात झोप आणि धावपळही वाचा.

आणि या त्रासाचा तुम्हाला ओळखीचा असलेला चेहरा बदलला, म्हणजे दुखणं रात्री उठवायला लागलं, रक्त दिसलं, कपडे सैल होऊ लागले, तर निदान कितीही जुनं असलं तरी वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.